पानिपतचा तोतया आणि मोबाइलमधला आवाज

गेल्या वर्षी रमजानच्या तोंडावर माझ्या खालाला एक फोन आला. खाला सक्करदऱ्यात, छोट्या ताजबागच्या मागच्या गल्लीत राहते. तिचा मुलगा कुवेतला नोकरीला आहे. फोनवरचा आवाज रडवेला होता. "अम्मी, मैं बोल रहा हूँ." गाडीचा कुणाला तरी धक्का लागला आहे, पोलिसांनी बसवून ठेवले आहे, पासपोर्ट काढून घेतला आहे, हा फोन दुसऱ्याचा आहे, अब्बांना सांगू नको. मग 'वकील' फोनवर आला. अर्ध्या तासात खालाने उमराहसाठी साठवलेले ६० हजार रुपये शेजारच्या मुलाकरवी यूपीआयने पाठवून दिले. रात्री मुलाचा नेहमीसारखा व्हिडिओ कॉल आला. तो खोलीवर बसून जेवत होता.

खालाने ही गोष्ट अकरा दिवस कुणालाही सांगितली नाही. मला सांगितली तेव्हा ती एवढेच म्हणाली, "आवाज उसकीच थी बेटा." थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "पण तो मला अम्मा म्हणतो. फोनवर अम्मी म्हटलं. मला तेव्हाच खटकलं होतं."

तो आवाज यंत्राने बनवला होता की एखाद्या नकलाकाराने काढला होता, हे शेवटपर्यंत कळले नाही. पोलिसांत नोंद झाली, पण तोवर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात निघून गेले होते. माझ्या डोक्यात मात्र खालाचे ते शेवटचे वाक्य राहिले. तिला खटकले होते, तरी तिने विश्वास ठेवला. असे का होते?

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. इतिहास हा माझा पगाराचा विषय नाही, आवडीचा आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला कॉम्प्युटरच्या पुस्तकांआधी पेशवाईच्या इतिहासाची आठवण झाली.

भाऊसाहेबांचा तोतया

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला. सदाशिवरावभाऊ रणात पडले. त्यांच्या देहाची ओळख पटवून अंत्यसंस्कार झाल्याच्या बातम्या दक्षिणेत आल्या, पण अनेकांना त्या खऱ्या वाटल्या नाहीत. घराघरातले कुणी ना कुणी तिथे गेले होते आणि परतले नव्हते. भाऊ जिवंत असतील तर आपलाही माणूस जिवंत असेल, ही आशा होती. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी शेवटपर्यंत वैधव्य स्वीकारले नाही.

या आशेच्या जमिनीत तोतया उगवला. बुंदेलखंडाकडचा एक कनोजी ब्राह्मण 'मीच सदाशिवरावभाऊ' म्हणून पुढे आला. त्याची चेहरेपट्टी भाऊंसारखी होती म्हणतात. थोरल्या माधवरावांच्या काळात त्याला पकडून पुण्यात आणले, चौकशी झाली, तो तोतया ठरला आणि त्याला किल्ल्यावर कैदेत टाकले. खरे तर गोष्ट इथे संपायला हवी होती.

ती संपली नाही. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले. पुण्याच्या गादीवर दोन वर्षांचे मूल होते आणि कारभार नाना फडणीस व सखारामबापू बघत होते. अशा डळमळीत काळात, १७७६ मध्ये, रत्नागिरीच्या किल्ल्यावरचा अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे याने त्याच कैद्याला सोडले आणि 'भाऊसाहेब' म्हणून उभे केले. बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्या हाती आले आणि फौज जमली. शेवटी महादजी शिंदे चालून गेले, तोतया पळाला, राघोजी आंग्रे यांच्या हाती सापडला. पुण्यात पंचांपुढे पुन्हा चौकशी झाली आणि डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी पुढे यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले.

एकदा खोटा ठरलेला माणूस दहा-अकरा वर्षांनी पुन्हा खरा कसा ठरला? त्याची नक्कल मधल्या काळात सुधारली नव्हती. लोकांची आशा तशीच होती, सत्तेतल्या काहींना तो सोयीचा होता आणि थांबून विचारायला कुणाला वेळ नव्हता. आशा, सोय आणि घाई यांवर तोतया जगतो. आपल्या काळात त्यात भीतीची भर पडली आहे. माझ्या खालाच्या फोनमध्ये वकील होता, पोलीस होते, 'आत्ताच' हा शब्द होता. अम्मा आणि अम्मीतला फरक त्या गर्दीत चिरडला गेला.

शिक्का, मर्यादा आणि एक अक्षर

आपल्या जुन्या राज्यकर्त्यांना हा धोका चांगला ठाऊक होता. आदिलशाही, निजामशाही, मोगल अशा सगळ्या दरबारांत फर्मानावर मोहर असे. शिवाजी महाराजांच्या पत्रांत तर दोन मुद्रा दिसतात. वर राजमुद्रा आणि मजकूर संपला की तळाशी 'मर्यादा'. मर्यादेच्या मोहरेचा अर्थ, मजकूर इथे संपला, याखाली कुणी ओळ घुसडली तर ती आमची नाही. आजचे सायबर सुरक्षेचे लोक ज्याला डिजिटल स्वाक्षरी म्हणतात, तिचे कामही हेच. पत्र कुणाचे आहे आणि वाटेत बदलले तर नाही ना, हे तिच्यावरून कळते. शिक्का हा शब्द अरबीतून आला, मोहर फारसीतून. मराठीने दोन्ही आपले केले, कारण गरज सगळ्यांची सारखीच होती.

'ध चा मा' ही म्हण तर प्रत्येक मराठी माणसाला पाठ आहे. नारायणरावांस 'धरावे' असे पत्रात होते, आनंदीबाईंनी त्याचे 'मारावे' केले आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी शनिवारवाड्यात पेशव्याला मारले, अशी ही कथा. वर्गात शिकवताना मुलांना ती फार आवडते. पण मी त्यांना पुढचेही सांगतो. ही आख्यायिका आहे, कागदावर सिद्ध झालेली गोष्ट नाही. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून दोष ठेवला तो रघुनाथरावांवर. लोकांच्या जिभेवर मात्र अडीचशे वर्षे एका बाईचेच नाव आहे.

खोट्या मजकुराबद्दल सावध करणारी आपली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट आपण स्वतः न पडताळता पुढे ढकलत आलो. त्या काळात मोबाइल नव्हता, फॉरवर्डचे बटण नव्हते. सवय मात्र होती.

अशुद्ध भाषा हीच भिंत होती

आता यंत्राकडे येतो. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी नावाचे विद्वान होऊन गेले. गुप्त लिपीतला मजकूर कसा उलगडायचा यावर त्यांनी एक रिसाला लिहिला. त्याची प्रत विसाव्या शतकात इस्तंबूलच्या सुलेमानिया ग्रंथालयात सापडली. युक्ती साधी आहे. कोणत्याही भाषेत काही अक्षरे जास्त वेळा येतात, काही कमी. सांकेतिक मजकुरातल्या खुणा मोजा, भाषेतल्या अक्षरांच्या मोजणीशी जुळवा, कुलूप उघडते. या पद्धतीचे हे सर्वांत जुने उपलब्ध वर्णन मानले जाते.

आजचे जनरेटिव्ह एआय अफाट मोठे आहे, पण त्याच्या तळाशीही भाषेची मोजणीच आहे. कोट्यवधी पाने वाचून, कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, हे ते शिकते आणि त्यावरून नवा मजकूर तयार करते. अल-किंदींनी मोजणी वापरली ती गुपित उलगडण्यासाठी. आता तिच्याच जोरावर यंत्र माणसाची भाषा बोलू लागले आहे.

याचा फटका भाषेच्या मास्तराला आधी कळतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत फसवणुकीचा मेसेज मी दुरून ओळखायचो. 'आपला खाता बंद होणार आहे' असे मराठी कोणती बँक लिहील? उर्दूतला मेसेज तर असा असायचा, की जणू कुणी हिंदी वाक्याला शेरवानी चढवली आहे. मी मुलांना गमतीने सांगायचो, शुद्धलेखन शिका, पैसे वाचतील. आमच्या भाषा ठगांना येत नव्हत्या, ही आमच्याभोवतीची भिंत होती.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि ही भिंत खचू लागली. आज कुणीही, कुठेही बसून, बँकेच्या थाटाचे नीटस मराठी पत्र मिनिटात लिहून घेऊ शकतो. आवाजाचेही तसेच. जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी व्हॅल-ई नावाचे तंत्र मांडले. तीन सेकंदांचा नमुना मिळाला की ते त्या माणसाच्या आवाजात काहीही बोलून दाखवते. गैरवापराच्या भीतीने त्यांनी ते लोकांसाठी खुले केले नाही. पण तशी इतर साधने आज बाजारात आहेत. तीन सेकंद म्हणजे व्हॉट्सअॅपवरचा एक 'सलाम, कैसे हो'.

तोतया यंत्रात शिरतो

एआयच्या आधीही यंत्रातले तोतये होते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. एटीएममध्ये कार्ड घातले की 'पैसे द्यायचे का' असा प्रश्न बँकेच्या यंत्रणेकडे जातो आणि तिथून होकार येतो. हल्लेखोरांनी मधे आपली खोटी यंत्रणा बसवली. प्रश्न बँकेपर्यंत पोहोचतच नव्हता, होकार तोतयाच देत होता. ११ ऑगस्टला काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघाले. १३ ऑगस्टला हाँगकाँगच्या एका खात्यात १३.९२ कोटी रुपये गेले. एकूण नुकसान ९४ कोटींच्या वर. त्यासाठी कुशल टोळी, महिनोन्महिने तयारी आणि कित्येक देशांत माणसे लागली.

एआयने ही मेहनत स्वस्त केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अँथ्रॉपिक या अमेरिकी कंपनीने स्वतःच जाहीर केले, की तिच्या क्लॉड या एआयचा वापर करून एका टोळीने जगभरातल्या सुमारे ३० संस्थांवर हल्ले केले आणि त्यातले ८० ते ९० टक्के काम यंत्रानेच केले. ही टोळी चीन सरकारच्या पाठबळाची असल्याचे कंपनीचे म्हणणे आहे. थोड्याच ठिकाणी तिला यश आले. पण यंत्राला तयार कसे केले ते बघा. आम्ही सायबर सुरक्षा कंपनीचे लोक आहोत, तपासणीसाठी हे करत आहोत, असे त्याला सांगण्यात आले. म्हणजे तोतयाने यंत्रालाही फसवले.

आपल्या महाराष्ट्रातली उदाहरणे तर डोळ्यांसमोर आहेत. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमिंग अॅपची जाहिरात करतानाचा बनावट व्हिडिओ फिरला. सचिनने स्वतः तो खोटा असल्याचे सांगितले आणि मुंबईत गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या दिवशी, १९ नोव्हेंबरला, सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या नावाने ध्वनिफिती पसरल्या. दोघांनीही त्या नाकारल्या आणि तथ्य-पडताळणी करणाऱ्यांना त्या एआयने बनवल्याच्या खुणा सापडल्या. पण निवडलेली वेळ बघा. पडताळणी होईपर्यंत मतदान उरकावे, अशी. सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांना आपल्या आवाजाच्या यांत्रिक नकला थांबवण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. न्यायालयाने त्यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. ज्या आवाजावर आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या, त्याच्या मालकीणबाईंना 'हा आवाज माझा आहे' असे न्यायालयात सांगावे लागले!

आणि आपले नागपूर. १७ मार्च २०२५ ला महालात हिंसाचार झाला आणि सक्करदऱ्यासह अनेक पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. रमजानचेच दिवस होते. त्या रात्री प्रत्येकाच्या फोनवर क्लिपांचा पाऊस पडत होता. कोणती आजची, कोणती जुनी, कोणती दुसऱ्याच शहरातली, कुणालाच कळत नव्हते. अफवा पसरवणाऱ्या पोस्टवर सायबर पोलिसांनी गुन्हे नोंदवले. मी खिडकीपाशी बसून विचार करत होतो, अशा रात्री कुणी एखाद्या मौलानाच्या किंवा एखाद्या नेत्याच्या आवाजातली तीस सेकंदांची खोटी क्लिप सोडली तर? ६० हजार रुपये पुन्हा जमवता येतात.

शिक्षा मुलीला का?

एक गोष्ट आपल्या घरांत मोकळेपणाने बोलली जात नाही. जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि १ जानेवारी २०२२ ला 'बुल्ली बाई' या अॅपवर मुस्लिम स्त्रियांचे फोटो टाकून त्यांचा खोटा 'लिलाव' मांडला गेला. त्यात पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या, विद्यार्थिनी होत्या. बुल्ली बाई प्रकरणात मुंबई सायबर पोलिसांनी काही दिवसांतच अटका केल्या, आणि पकडलेले तरुण कॉलेजच्या वयाचे निघाले. त्या वेळी एआय लागले नव्हते, चोरलेले फोटो पुरले. आज साध्या फोटोवरून अश्लील चित्र बनवणारी साधने आहेत.

यावर आपली प्रतिक्रिया काय असते? मुलीचा मोबाइल काढून घ्या, शाळा-कॉलेज बंद करा, लग्न उरका. गुन्हा दुसऱ्याचा आणि शिक्षा तिला. म्हणून ती घरी सांगत नाही, आणि ती सांगत नाही हेच ब्लॅकमेल करणाऱ्याचे भांडवल असते. आनंदीबाईंच्या बाबतीत आपण जे केले तेच आपल्या लेकींच्या बाबतीत करतो, चौकशीआधी निकाल. माझ्या खालाचे अकरा दिवस ज्या शरमेत गेले, तिच्यात एखाद्या मुलीचे सगळे आयुष्य जाऊ शकते. कायदा तिच्या बाजूने आहे. संगणकाच्या मदतीने तोतयेगिरी करून फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली गुन्हा आहे. अश्लील मजकुरासाठी वेगळी कलमे आहेत. फेब्रुवारी २०२६ मध्ये केंद्राने नियम बदलून एआयने बनवलेल्या चित्र-आवाजावर तशी खूण ठेवणे बंधनकारक केले. पण मुलगी तक्रारीसाठी घराबाहेर पडली तरच कायद्याचा उपयोग.

पहारेकरीही शिकत आहेत

एआय ठगांच्याच हाती आहे असे नाही. एरवी कधीच न आलेला व्यवहार, ओळखीच्या नावाने आलेला अनोळखी मेल, असे वेगळेपण लाखो नोंदींतून टिपायला हेच तंत्र बँका आणि पोलीस वापरतात. महाराष्ट्र पोलिसांसाठी एआयचे काम करणारी 'मार्व्हल' ही सरकारी संस्था २०२४ मध्ये स्थापन झाली, ती आपल्याच नागपुरात. सायबर गुन्ह्यांच्या तपासाला मदत करणारी 'महाक्राइमओएस' ही प्रणाली आधी नागपूरच्या २३ पोलीस ठाण्यांत वापरली गेली आणि डिसेंबर २०२५ मध्ये ती राज्यातल्या १,१०० ठाण्यांपर्यंत नेण्याचे जाहीर झाले. तक्रारीतली माहिती वेगळी काढणे, बँकांना आणि मोबाइल कंपन्यांना द्यायची पत्रे तयार करणे, अशी कामे त्यामुळे लवकर होतात.

वेग महत्त्वाचा आहे, कारण पैसे पहिल्या काही तासांतच खात्याखात्यांतून पळतात. १९३० या क्रमांकावर लगेच फोन केला तर ते वाटेत गोठवता येतात. खालाने अकरा दिवसांनी तोंड उघडले. कोणतेही एआय ते अकरा दिवस परत आणू शकत नाही.

कुणी सांगितले? त्याला कुणी सांगितले?

मदरशात न शिकलेल्या मुसलमानालाही इस्नाद हा शब्द माहीत असतो. हदीस सांगणाऱ्याला विचारले जाई, तू कुणाकडून ऐकलीस, त्याने कुणाकडून ऐकली? साखळीतला प्रत्येक माणूस तपासला जाई. तो खरा बोलतो का, त्याची स्मरणशक्ती कशी आहे, ज्याच्याकडून ऐकले म्हणतो त्याला तो भेटणे शक्य तरी होते का? इमाम बुखारींसारख्यांनी या कामात हयात घालवली. शब्द कितीही सुंदर असले तरी साखळी तुटकी असेल तर रिवायत कमजोर ठरे. सूरह हुजुरातमध्ये तर बातमी आली की खातरजमा करण्याचा स्पष्ट आदेश आहे. आपल्यातला जो माणूस ही सूरह अभिमानाने सांगतो, तोच सकाळी सात फॉरवर्ड पाठवतो!

खरेपणाची जुनी चिन्हे आता गेली. चेहरा, आवाज, शुद्ध भाषा या तिन्हींची नक्कल होते. पुण्याच्या पंचांनी तोतयाच्या चेहऱ्यावर निकाल दिला नाही, भाऊंना ओळखणाऱ्या माणसांपुढे त्याला उभे करून विचारपूस केली. आपल्यालाही तेच करायचे आहे. फोन ठेवा आणि मुलाच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः लावा. घरातल्या दुसऱ्याला विचारा. 'कुणाला सांगू नको' असे ऐकले की पहिल्यांदा सांगा. पोलीस व्हिडिओ कॉलवर कुणालाही अटक करत नाहीत, ही गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांना दहा वेळा सांगा. आणि क्लिप आली की विचारा, तुला कुणी पाठवली? त्याला कुणी?

आमच्या घराने आता एक प्रश्न ठरवला आहे. पैशांचा विषय निघाला की तो विचारायचा. त्याचे उत्तर कोणत्याही यंत्राने वाचलेल्या पुस्तकात नाही, कारण ते नानीच्या तोंडच्या एका शब्दात आहे आणि तो शब्द आमच्या घराबाहेर कुणी बोलत नाही. इथे तो लिहिणार नाही, हे उघड आहे.

परवा कुवेतहून फोन आला तेव्हा खालाने तो प्रश्न विचारला. पैशांचा विषयही नव्हता. मुलगा वैतागला, "अम्मा, मैंच हूँ!"

खाला म्हणाली, "वो तो सब बोलते. जवाब दे पहले."